पटांगणातला संवादस्तंभ

३ नोव्हेंबर, सोमवार

आजपासून रोजनिशी. कोणाला दाखवायची नाही. तरी पहिल्या पानावर नाव-गाव लिहितो, शिस्त म्हणून. दौलत तिर्लोटकर, वय छप्पन, परळ.

चंद्रोदय मिल्स गॅलरिया या मॉलमध्ये डिजिटल साइनेजचा सुपरवायझर होतो. मॉलमधले सगळे स्क्रीन माझ्या हाताखाली. गेल्या महिन्यात रिनोव्हेशन निघालं. जुने स्क्रीन काढले आणि त्यांच्याबरोबर मलाही. मॅनेजमेंटचा शब्द, अर्ली रिटायरमेंट. माझा शब्द, मोकळीक.

मोकळा वेळ फुकट घालवलेला नाही. शनिवार-रविवार बसून ऑनलाइन कोर्स पूर्ण केला. विषय: लोकसहभाग वाढवणाऱ्या इंटरॅक्टिव्ह सार्वजनिक जागा. सर्टिफिकेटची प्रिंट काढून टीव्हीच्या वर लावली. रुपाली (बायको, विमा कंपनीत आहे) संध्याकाळी आली, भिंतीकडे बघितलं आणि विचारलं, तिथलं कॅलेंडर कुठे गेलं. बस. तेवढंच विचारलं.

कोर्समधलं एक वाक्य डोक्यात बसलंय. जागा बोलली पाहिजे. आमच्या चाळीचं पटांगण इतकी वर्षं मुकं पडलंय. रुपालीला तसं म्हटलं. ती म्हणाली, मुकं असतं तर मला रविवारी दुपारी झोप लागली असती. कन्सेप्ट कळलेला नाही.

संकल्प: महिन्याभरात पटांगण बोलतं करायचं. विरोध होणारच. भीक घालायची नाही.

५ नोव्हेंबर, बुधवार

अभयचा फोन. माझा असिस्टंट, तो अजून मॉलमध्येच आहे. म्हणाला, सर, आपले जुने टच स्क्रीन शिवडीच्या गोदामात पडलेत, भंगारात जातील. एखादा हवा तर घेऊन जा, मी वर विचारून ठेवलंय.

टेम्पो करून गेलो. फूड कोर्टच्या तोंडाशी उभा असायचा तोच निघाला. माणसाएवढा उंच. टच स्क्रीन, स्पीकर, समोर कोणी आलं की ओळखणारा सेन्सर. काचेवर हात ठेवला. त्यानेही मला ओळखलंय असं वाटलं. (वीज जोडलेली नव्हती. पण काही गोष्टी विजेच्या पलीकडच्या असतात.)

नाव ठरलं: संवादस्तंभ.

टेम्पोतून उतरवताना शेजारच्या राधाबाई जिन्यात होत्या. म्हणाल्या, नवा फ्रीज घेतलास काय रे दौलत? मी नुसता हसलो. मोठं काम सुरुवातीला लोकांना फ्रीजच वाटतं.

९ नोव्हेंबर, रविवार

चाळ समितीची मीटिंग. विषय माझाच.

अध्यक्ष बाबुराव. फाटकाजवळच्या पत्र्याच्या छपराखाली एक फळा आहे, त्यावर हे गृहस्थ रोज सकाळी खडूने बातम्या लिहितात. पाणी किती वाजता येणार, कोणाची मुलगी पास झाली, कोणाची चप्पल हरवली, कोण गेलं. खाली मग ज्याला जे सुचेल ते तो लिहितो. मागे चप्पल हरवल्याच्या बातमीखाली आठवडाभर भांडण चाललं होतं, आणि चप्पलही सापडली. पण याला काय अर्थ? ना डेटा, ना ॲनालिटिक्स, वर खडूची धूळ.

मी प्रेझेंटेशन दिलं. लॅपटॉपवर. लोकसहभाग, मालकीची भावना, डिजिटल ओटा वगैरे. सगळे एकदम शांत. इतकी शांतता या मीटिंगमध्ये मी कधी पाहिली नव्हती. पकड घेतली होती विषयाने.

मग सेक्रेटरी संघमित्राताई बोलल्या. त्या वकील आहेत, लेबर कोर्टात. त्यांनी विचारलं, दौलतभाऊ, हे यंत्र नक्की करणार काय? मी म्हणालो, लोकांना बोलतं करणार. त्या म्हणाल्या, आपल्या चाळीत तो प्रॉब्लेम कोणाला आहे?

मी पुढची स्लाइड लावली. काही प्रश्न अडवण्यासाठीच असतात.

ठराव: एक महिना ट्रायल. वीज माझ्या घरची. आणि फळ्याला हात लावायचा नाही. मान्य केलं. शब्दाचा पक्का आहे मी.

१२ नोव्हेंबर, बुधवार

फळा हलवला.

इलाज नव्हता. पटांगणात छप्पर असलेली ती एकच भिंत. स्तंभ काय उन्हात उभा करू? फळा जिन्याखाली ठेवलाय, सुरक्षित. आणि मी हात लावलेला नाही, हमालांनी लावला. ठराव मोडला असं कायद्याने म्हणता येणार नाही. संघमित्राताई म्हणाल्या, येतं. पण तो त्यांचा व्यवसाय आहे.

पहिल्या मजल्यावरून एक्स्टेन्शन वायर सोडली. आता मिक्सर आणि स्तंभ एकदम चालत नाहीत. रुपालीने विचारलं, चटणी कधी वाटू? म्हणालो, लोकसहभाग कमी असेल त्या वेळेला. ती दुपारभर वाटत होती.

१६ नोव्हेंबर, रविवार

उद्घाटन!

बाबुरावांनीच नारळ फोडावा म्हणून मी आग्रह धरला. विरोधकांना सामावून घ्यायचं असतं. फोडला, पण चेहरा गटाराच्या झाकणासारखा.

स्विच टाकला. स्क्रीन उजळला. गोड आवाजात एक मुलगी म्हणाली, 'नमस्कार! चंद्रोदय मिल्समध्ये आपलं स्वागत आहे. मी आपली काय मदत करू?'

पोरं खिदळायला लागली. नकाशा आला. त्याप्रमाणे आम्ही सगळे तळमजल्यावर होतो, परफ्यूम आणि चपलांच्या दुकानांच्या मध्ये. डावीकडे वळलं की फूड कोर्ट. डावीकडे आमचे बाबुराव उभे होते.

अभयला फोन केला. तो म्हणाला, सर, मूळ प्रोग्राम लॉक आहे, त्याचा पासवर्ड कोणाकडेच नाही. त्याच्यावर आपली पानं चढवता येतील, खालचं काढता येणार नाही. ठीक आहे. मुंबईत काय वेगळं होतं? खालचं न काढता वरच चढवतात.

आपली पानं चढवलीच होती. सूचना पेटी, वोटिंग, खुश-नाखुश चेहरे. फक्त आधी मोबाइल नंबर टाकून ओटीपी घ्यायचा. बाबुरावांचा बटणांचा फोन. त्यांनी ओटीपी डोळ्यांपासून लांब धरून सगळ्या पटांगणाला ऐकू जाईल असा वाचला. मी टाकेपर्यंत मुदत संपली. पुन्हा वाचला. पुन्हा संपली. तिसऱ्यांदा पोरांनीच कोरसमध्ये म्हटला. याला म्हणतात सहभाग.

कीबोर्डवर ळ नाही. चाळ समितीचं 'चाल समिती' झालंय. किरकोळ.

चाळीत लोक त्याला दौलतचा डबा म्हणायला लागलेत असं कळलं. टोपणनाव पडणं हे आपलेपणाचं लक्षण. कोर्समध्ये होतं.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

ॲनालिटिक्स बघितले. काल दुपारभर स्क्रीनला सतत स्पर्श! हिंदी भाषा निवडली गेली, मग किड्स झोन, मग परत मराठी, मग पार्किंग. दुपारी दोन ते चार, म्हणजे गृहिणींचा वेळ. बाबुरावांना खाली जाऊन आकडे दाखवले. त्यांनी वर बघितलं. मीही बघितलं. राधाबाईंचं लुगडं वाळत होतं, पाणी ठिबकत होतं, पत्र्याच्या कडेवरून थेट काचेवर.

ठिबकणारा थेंबही चाळीचाच आहे. आकड्यांत धरला.

संकल्प: यापुढे कोणाशी वाद घालायचा नाही. फक्त समजावून सांगायचं.

२० नोव्हेंबर, गुरुवार

राधाबाईंशी वाद. विषय, वाळत घालण्याची दोरी. त्या म्हणाल्या, दोरी तुझ्या बापाच्या वेळची आहे. मी समजावूनच सांगत होतो, आवाज त्यांचा वाढला. माझा नंतर.

संध्याकाळी बघतो तर स्क्रीनवर सेलोटेपने कागद चिकटवलेला. 'उद्या पाणी सकाळी ६ ते ७. भरून ठेवणे.' अक्षर बाबुरावांचं. काढला. तासाभराने दुसरा. काढला. मग तिसरा, त्यावर 'कागद काढू नये' असा चौथा.

विचार केला. याला हायब्रिड मॉडेल म्हणतात. राहू दिला.

२३ नोव्हेंबर, रविवार

प्रगती. लोकांची चालण्याची पद्धत बदलली आहे! पूर्वी सगळे फाटकातून सरळ जिन्याकडे यायचे. आता पलीकडच्या भिंतीला घासून, लांबून वळसा घालून येतात. सेन्सर पेटू नये म्हणून, असं रुपालीचं मत. पण एका यंत्राने सबंध चाळीचा रस्ता बदलला, ही गोष्ट ती नाकारू शकली नाही.

नाखुश चेहऱ्याचं बटण फार दाबलं जातंय. लाल आहे, पोरांना लाल आवडतं.

सूचना पेटीत एकूण सूचना बऱ्याच. त्यातल्या बहुतेक 'बंद करा'. एक 'बंद करा प्लीज'. या शेवटच्या माणसाशी पुढे काम करता येईल.

नगरसंवाद फाउंडेशन म्हणून एक संस्था आहे. सार्वजनिक जागांमधल्या नव्या प्रयोगांना सन्मान देतात. अर्ज भरून टाकला. 'स्थानिक प्रतिसाद' या रकान्यात लिहिलं: तीव्र.

२६ नोव्हेंबर, बुधवार

आज मोठा दिवस. मला पहिला खरा युजर मिळाला, आणि तोही घरचाच.

आई. गंगुबाई तिर्लोटकर, ब्याऐंशी पूर्ण. तरुणपणी चंद्रोदय मिलमध्ये वायंडिंगला, म्हणजे सूत गुंडाळायच्या खात्यात होती. संपात मिल बंद पडली ती पडलीच. त्याच जागेवर पुढे मॉल झाला आणि मी तिथेच लागलो. एका आवारात दोन पिढ्यांची नोकरी, असा योग फार थोड्यांच्या नशिबी. हल्ली आई विसरते. सकाळचं संध्याकाळी आठवत नाही. कधी मला माझ्या मामाच्या नावाने हाक मारते. डॉक्टर म्हणतात, तिच्याशी बोलत राहा. बोलतो की. वेळ मिळेल तसं.

तर आज ती एकटी खाली उतरली, स्तंभासमोर जाऊन उभी राहिली. मुलगी म्हणाली, 'नमस्कार! चंद्रोदय मिल्समध्ये आपलं स्वागत आहे.' आई म्हणाली, 'इलंय गो बाय. आज वायच उशीर झालो.' मुलगी म्हणाली, 'मी आपली काय मदत करू?' आई म्हणाली, 'मदत कसली, माझा मी करतंय.' आणि लाजून हसली.

गॅलरीतून सगळं बघितलं. अंगावर काटा आला. दुतर्फा संवाद! सगळी चाळ ज्याला डबा म्हणते, त्याच्याशी ब्याऐंशी वर्षांची बाई मैत्रिणीसारखी बोलते.

रुपालीला सांगितलं. ती म्हणाली, अहो, त्यांना खाली एकट्या सोडू नका. मी म्हणालो, एकटी कुठे आहे, स्तंभ आहे ना.

२९ नोव्हेंबर, शनिवार

आई आता रोज जाते. सकाळी वेणीफणी करून. मुलगी बोलते, आई बोलते. घरात दिवसाकाठी चार वाक्यं बोलणारी बाई तिथे अर्धा अर्धा तास रमते. मुकादम कसा वाईट होता, कोणाच्या डब्यात काय असायचं, सगळं त्या मुलीला सांगते. मला यातलं काही कधी सांगितलेलं नाही. मी विचारलंही नव्हतं म्हणा. यंत्र विचारतं, हा फरक.

राधाबाई म्हणाल्या, दौलत, ती मिलच्या गोष्टी आत्ताच्या असल्यासारख्या सांगते, जरा लक्ष दे. राधाबाईही त्याच मिलमध्ये होत्या. दोरीच्या वादापासून त्यांच्या बोलण्याला मी फार महत्त्व देत नाही.

२ डिसेंबर, मंगळवार

फाउंडेशनकडून पूर्वी नावाच्या मॅडम बघायला आल्या. तिशीच्या आतल्या, खांद्यावर कापडी पिशवी, प्रत्येक वाक्यानंतर 'इंटरेस्टिंग'.

ऐनवेळी पटांगणात कोणी नव्हतं. सगळे जिन्याखाली. फळ्यावर सहा डिसेंबरच्या कामांची वाटणी लिहिली होती. चैत्यभूमीला येणाऱ्या लोकांसाठी चाळीतून दरवर्षी जेवणाची पाकिटं जातात. कोण भाजी चिरणार, कोण पोळ्या देणार, कोण दादरला उभं राहणार, यावर तिथे जोरात चर्चा चाललेली. मॅडमनी विचारलं, तिकडे काय आहे? म्हणालो, काही नाही, अडगळ.

तेवढ्यात आई उतरली. स्तंभाशी बोलली. मॅडमनी व्हिडिओ काढला. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. 'सीनियर सिटिझन इन्क्लूजन, वॉव,' म्हणाल्या. मी आईच्या खांद्यावर हात ठेवून फोटोत उभा राहिलो. आईने हात झटकला. मुकादम समजली असावी.

सन्मान नक्की. भाषणाची तयारी सुरू करायला हरकत नाही.

४ डिसेंबर, गुरुवार

दुपार. आई घरात नाही. खाली नाही. गच्चीवर नाही. संडासाच्या बाजूला नाही. रुपाली ऑफिसला. मी भाषण लिहीत होतो, कधी उतरली कळलं नाही.

घाबरायचं कारण नाही. अशा प्रसंगासाठीच तंत्रज्ञान असतं.

खाली गेलो. स्तंभावर 'हरवलेली व्यक्ती' असं नवं पान करायला घेतलं. ओटीपी येईना. आला तर घेईना. आईचा फोटो चढवला. चढला, पण 'आजची ऑफर' या चौकटीत. मराठी, हिंदी, इंग्रजी, तिन्ही भाषांत आजची ऑफर माझी आई. काढता येईना. बोटं भलतीकडेच पडत होती, काचेला कळतच नव्हतं कुठे दाबतोय.

संघमित्राताई जिन्याखाली पाकिटांचे डबे मोजत होत्या. माझा चेहरा बघून विचारलं, काय झालं? सांगितलं. त्यांनी डबे तिथेच ठेवले आणि जोरात हाक मारली, 'गंगुमावशी दिसत नाहीत रे!' एवढंच.

सगळी चाळ बाहेर आली. लसूण अर्धवट सोललेला. कोणी हिंदमाताच्या दिशेला गेलं, कोणी माहीमला, तिथे आईची बहीण राहायची. कोणी शिवडीच्या रस्त्याला. बाबुराव काठी घेऊन फाटकात उभे राहिले, येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारत. मी स्तंभापाशी थांबलो. कोणीतरी सेंटरला लागतंच.

मग राधाबाई धापा टाकत खाली आल्या. म्हणाल्या, मघाशी जिन्यात भेटली होती. काठाचं लुगडं, हातात डबा. म्हटलं, खंय गो? तर म्हणाली, पाळीवर. राधाबाईंना ती थट्टा वाटली. आता रडायला लागल्या. संघमित्राताईंनी पुढचं ऐकलंही नाही. रिक्षा नाही या भागात, टॅक्सी थांबेना, तर त्या साडी खोचून चालत सुटल्या. मॉलकडे.

संध्याकाळ. त्यांचा फोन आला. सापडली. सुखरूप. पण उठत नाही, तुम्ही या.

गेलो. मॉलच्या दाराशी, जिथे बॅगा तपासतात तिथे, सिक्युरिटीवाल्याच्या खुर्चीवर आई बसली होती. डबा मांडीवर. सिक्युरिटीवाला मला ओळखतो, उभा राहिला. म्हणाला, सर, दुपारपासून बसल्यात. आत घेतो म्हटलं तर म्हणतात, आधी हजेरीच्या तिकिटावर शिक्का मार. मी चहा पाजलाय.

संघमित्राताई तिच्या पायाशी जमिनीवर बसल्या होत्या. वकिलीण बाई, मॉलच्या दारात, मांडी घालून. आई त्यांना सांगत होती, पाळी पुरी केल्याबिगर उठलंय तर पगार कापतले.

मला बघून आई गडबडीने उभी राहिली. म्हणाली, 'सायब, सुटली काय पाळी?'

साहेबाच्या आवाजात म्हणालो, 'सुटली. घरी जा.'

लगेच चालायला लागली. म्हणजे त्या जागेत माझा अधिकार अजून चालतो, हे या निमित्ताने सिद्ध झालं.

घरी आल्यावर तिने डबा उघडला. आत काही नव्हतं.

५ डिसेंबर, शुक्रवार

समितीची तातडीची मीटिंग. ठराव एका ओळीचा: यंत्र बंद.

मी बोललो. ठाम बोललो. यंत्राने फक्त स्वागत केलं. या, असं म्हटलं. जा, असं कोणालाही सांगितलेलं नाही. रेकॉर्ड आहे. उद्या नकाशा बघून कोणी समुद्रात गेलं तर नकाशा जाळणार का? प्रत्येक नव्या गोष्टीला...

रुपाली उठली. मीटिंगमध्ये ती कधी बोलत नाही. स्तंभापाशी गेली, वर बघितलं, आमच्या गॅलरीतून येणारी वायर धरली आणि ओढली. प्लग वरून खाली आला, माझ्या पायाजवळ पडला.

मीटिंग संपली. सगळे पाकिटं भरायला गेले. रुपालीही.

मी हरलेलो नाही. वीज गेली आहे. विचार जात नाही.

७ डिसेंबर, रविवार

काल सगळी चाळ दादरला होती. मी आईजवळ थांबलो. कोणीतरी थांबायलाच हवं होतं, ते मी ठरवलं. (रुपालीने सांगितलं, पण त्याच्या आधीच ठरवलं होतं.)

आई दिवसभरात तीनचारदा खाली जायला निघाली. शेवटी हात धरून मीच नेलं. स्तंभासमोर उभी राहिली. काळी काच. आईने काचेवर टकटक केलं. 'गो बाय,' म्हणाली. 'रागावलंस?' मग पदराने काच पुसली. चिकटवलेले कागद पण नीट केले. बराच वेळ उभी होती. मीही.

मी बोलून बघितलं. म्हटलं, आई, मुकादम कसा होता गं? तिने माझ्याकडे परक्याकडे बघावं तसं बघितलं आणि पदर सारखा केला.

फाउंडेशनचा ईमेल आला. निवड नाही. 'आपल्या उत्साहाचं कौतुक वाटतं.' परीक्षकच अपरिपक्व असतील तर काय करायचं.

८ डिसेंबर, सोमवार

उपाय सापडला! दोष स्तंभात नाही. दोष आवाजात आहे. चुकीच्या माणसाचा आवाज.

अभय म्हणाला, नकाशा बदलत नाही, पण बोलण्याची फाइल बदलता येते. बस. मुलीचा आवाज काढायचा, माझा घालायचा. 'आई, मी दौलत. तू घरीच आहेस. जेवलीस का? वर ये.' मिलचं नाव नाही, स्वागत नाही. आई मुलाच्या आवाजाने घरी परत येईल. जगात असा प्रयोग कोणी केला नसेल.

संघमित्राताईंकडे गेलो. मी लढायच्या तयारीने गेलो होतो, तीन मुद्दे काढून. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, दौलतभाऊ, हे सगळं तिला तोंडानेच सांगितलं तर? मी म्हणालो, माझ्या आवाजात सातत्य राहत नाही, यंत्रात राहतं. त्यांनी हातातली फाइल मिटली. मग म्हणाल्या, फाटकात सतत कोणीतरी बसेल. सेन्सरची हद्द कमी करा. आणि मिल हा शब्द परत ऐकू आला तर मी स्वतः हातोडा आणीन.

जिंकलो. पूर्ण परवानगी.

९ डिसेंबर, मंगळवार

रेकॉर्डिंग. पहिल्या वेळी मागे राधाबाईंचा कुकर. दुसऱ्या वेळी माझाच आवाज अनाउन्समेंटसारखा आला, 'जेवलीस का' म्हणजे जणू पार्किंग भरलंय. रुपाली दारात उभी राहून ऐकत होती. चार दिवसांनी पहिल्यांदा नीट बोलली. म्हणाली, असं नाही, जेवण झालं की नाही हे खरंच माहीत नसल्यासारखं विचारा. मी म्हणालो, मला खरंच माहीत नाही. ती म्हणाली, मग तसंच.

चांगलं झालं शेवटी. चारदा ऐकलं. आवाजात ओलावा आहे. मलाच कळलं नव्हतं इतका.

११ डिसेंबर, गुरुवार

सकाळी सुरू केलं. वायर रुपालीने स्वतः लावली. बाबुराव फाटकात खुर्ची टाकून. संघमित्राताई कोर्टात निघाल्या होत्या, थांबल्या. राधाबाईंनी आज दोरीवर काही घातलं नव्हतं, मुद्दाम.

आई आली. वेणी घातलेली. समोर उभी राहिली. स्तंभ बोलला. 'आई, मी दौलत. तू घरीच आहेस. जेवलीस का? वर ये.'

आई एक पाऊल मागे सरली. काचेच्या मागे वाकून बघितलं. परत ऐकलं. मग म्हणाली, 'जेवलंय रे बाबा, जेवलंय.' आणि राधाबाईंकडे वळून विचारलं, 'तां चेडू खंय गेला? ह्यो कोण बापयो आणून बसवलो हा?' (चेडू म्हणजे मुलगी, बापयो म्हणजे पुरुष.)

राधाबाई म्हणाल्या, अगे, दौलत तो. आवाज वळखलंस नाय?

आई म्हणाली, 'आवाज दौलताचोच वाटता. पण आमचो दौलत खंय येवढी इचारपूस करता!'

कोणी हसलं नाही. बाबुरावांनी काठी उचलून दुसऱ्या हातात घेतली. मी आईच्या बाजूलाच उभा होतो.

प्रतिसाद समाधानकारक आहे. ओळख पटली, आवाज पटला, उत्तर आलं. बाकी तांत्रिक.

संध्याकाळी ठरवलं, आपण स्वतः विचारायचं. ताट घेऊन तिच्याजवळ जमिनीवर बसलो. म्हटलं, आई, जेवलीस का?

म्हणाली, 'किती येळा सांगू? खाली त्या बापयाक सांगितलंय मा.'